सोडण्याचे कारण

दिवाळीच्या सुट्टीत पोरगं घरी येतं. समोर चकली-लाडवाचं ताट असतं. दोन घास खाऊन ते हळूच म्हणतं, ‘बाबा, मला कॉलेज बदलायचंय.’

पुढचा अर्धा तास प्रत्येक घराला पाठ आहे. बाबा भरलेल्या फीचा आकडा सांगतात. आई म्हणते, तू नीट जेवत नसशील, म्हणून मन लागत नाही. मामा फोनवरून आपल्या साहेबांच्या मुलाचा दाखला देतो. आजोबा बजावतात, एकदा धरलेलं सोडायचं नसतं.

का बदलायचंय, हे कुणीच विचारत नाही.

फीचा विचार होतो, नातेवाइकांचा होतो, ‘लोक काय म्हणतील’चा तर सगळ्यात आधी होतो. रोज सकाळी त्या वर्गात जाऊन जो बसतो, त्याचा दिवस कसा जातो हा प्रश्न ताटाबरोबर उचलला जातो. निकाल ठरलेला : काढ कसंतरी.

कसंतरी काढायची वर्षं ही आहेत? अठरा ते बावीस? फी निदान नियमावर बोट ठेवून परत मागता येते. ही वर्षं कुठल्या खिडकीवर मागायची?

आता मुलांकडे वळू. पालक चुकतात म्हणून मुलं आपोआप बरोबर ठरत नाहीत.

बारावीचे मित्र दुसऱ्या कॉलेजात आहेत, म्हणून बदलायचं. तिकडच्या फेस्टला मोठा गायक आला, म्हणून बदलायचं. इथली इमारत जुनाट, तिकडे हिरवळ, काचेच्या भिंती आणि फूड कोर्ट, म्हणून बदलायचं. रीलमध्ये हिरवळ दिसते. वेळापत्रक दिसत नाही.

आणि त्या वेळापत्रकाप्रमाणे तास होतात की नाही, हे तर मुळीच दिसत नाही.

एक साधी गोष्ट बघा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली कॉलेजं येतात. त्यातल्या स्वायत्त नसलेल्या कॉलेजांत अभ्यासक्रम विद्यापीठाचा, प्रश्नपत्रिका विद्यापीठाची, पदवीही विद्यापीठाचीच. संगमनेरचं कॉलेज सोडून पुण्यातल्या तसल्याच कॉलेजात गेलात तरी परीक्षेत पेपर तोच येणार. मग बदललं काय?

खोलीचं भाडं.

नऱ्हे-आंबेगावला कॉट बेसिसवर राहायचं, डिपॉझिट भरायचं, मेस लावायची आणि गावी जे पुस्तक उघडत होतो तेच इथे उघडायचं. तिथे शिकवणारा खरंच चांगला असेल तर हा खर्च सार्थकी लागला. नसेल तर बापानं कांदा विकून नुसती पाटी विकत घेतली.

उलटही घडतं. एकाच गावात, एकाच रस्त्यावर दोन इंजिनिअरिंग कॉलेजं असतात. एक त्या भागातल्या विद्यापीठाचं, दुसरं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचं. रस्ता ओलांडला की विद्यापीठ बदलतं. विषयांची जुळवाजुळव, क्रेडिटांची पडताळणी, पात्रतेचे कागद, सगळं नव्यानं. दोन जिल्हे ओलांडणं सोपं आणि रस्ता ओलांडणं अवघड, हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगतं का?

स्वायत्त कॉलेजांचा तिसराच न्याय. मुंबईचं व्हीजेटीआय किंवा सांगलीचं वालचंद, अशी कॉलेजं आपला अभ्यासक्रम आपण आखतात. नाव मोठं आहे म्हणून दुसऱ्या वर्षाला तिथे डोळा ठेवणाऱ्यानं आधी दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत. जे विषय जुळत नाहीत, ते नव्या वर्षाच्या ओझ्यावर आणखी ओझं होऊन बसतात. मोठ्या नावाच्या कॉलेजात एटीकेटी लागली की ती लहान होत नाही.

‘पण आता नवं शैक्षणिक धोरण आलंय ना? क्रेडिट बँक आहे ना?’

आहे. 29 जुलै 2021 ला अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा गाजावाजा करून शुभारंभ झाला. तुमची क्रेडिट्स डिजिटल खात्यात जमा होतात, सात वर्षांपर्यंत टिकतात, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता येतात. पदवी जिथून घ्यायची तिथे किमान निम्मी क्रेडिट्स मिळवावी लागतात. कल्पना उत्तम आहे, आणि ती नीट राबली तर पुढच्या पिढीची अर्धी पायपीट वाचेल. मात्र क्रेडिट हलतं, जागा हलत नाही. नव्या कॉलेजात तुमच्या शाखेची, तुमच्या वर्षाची जागा रिकामी हवी, त्या कॉलेजची तयारी हवी, जुन्याची ना हरकत हवी आणि विद्यापीठाची मान्यता हवी.

त्यात नव्या रचनेत मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय अशी टोपलीच आहे. बी.ए.च्या मुलीचं मेजर दोन्हीकडे असतं, पण तिनं घेतलेला मायनर नव्या कॉलेजात शिकवतच नाहीत. मग एक वर्ष शिकलेल्या मायनरचं काय करायचं? हा प्रश्न जूनमध्ये विचारला तर सल्ला मिळतो. ऑगस्टमध्ये विचारला तर खांदे उडवतात.

आणखी एक गफलत सर्रास होते. पोराला कॉलेज नको असतं असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याला शाखा नको असते. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या फेरीत जे मिळालं ते घेतलं, मेकॅनिकल की सिव्हिल हे गुणांनी ठरवलं, त्याला कुणी विचारलं नाही. आता थर्मोडायनामिक्सचं पुस्तक उघडलं की त्याच्या पोटात गोळा येतो. अशा मुलाला राज्यातल्या सगळ्यात नामांकित कॉलेजात नेऊन बसवा. थर्मोडायनामिक्स तिथेही आहे.

म्हणून पहिला प्रश्न कॉलेजचा नव्हे. नेमकं काय सहन होत नाही, हा पहिला प्रश्न. विषय, शिक्षक, माणसं की पैसा?

पैसा हे उत्तर असेल तर लाजायचं कारण नाही. घरापासून लांबच्या कॉलेजचा खर्च झेपत नाही, वडिलांचं दुखणं निघालं, पावसानं सोयाबीन गेलं, तर जवळच्या कॉलेजात परत येणं हे शहाणपण आहे. त्याला माघार म्हणणारे लोक महिन्याच्या 1 तारखेला मेसचं बिल भरायला येत नाहीत. फक्त एक काळजी घ्या. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती असो, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता असो, की जुलै 2024 च्या निर्णयानं मुलींना मिळालेली शिक्षण शुल्काची पूर्ण माफी असो, या सवलतींना प्रवेश कोणत्या मार्गानं झाला याची अट चिकटलेली असते. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही फीमाफी नाही. बदलीनंतर सवलत टिकणार का, हे नव्या कॉलेजकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो हो, होऊन जाईल’ म्हणणारे गृहस्थ मार्चमध्ये ओळख दाखवत नाहीत.

शिक्षक हे उत्तर असेल तर गोष्ट गंभीर आहे. भौतिकशास्त्राला टर्म संपेपर्यंत माणूसच नाही. तासिका तत्त्वावर जे सर आले ते बिचारे दोन कॉलेजांत धावपळ करतात, मानधन रखडलं की सोडून जातात. प्रयोगशाळेला कुलूप, पण जर्नल मात्र पूर्ण हवं. मग काय होतं? प्रयोग न करता रीडिंग उतरवली जातात. वरच्या वर्गातल्या मुलाचं जर्नल खालच्याकडे, त्याचं त्याच्याही खालच्याकडे. पेंड्युलम कुणी हलवलेला नसतो आणि ‘जी’ची किंमत सगळ्यांची 9.8 येते.

अशा कॉलेजात मूल काय शिकतं? न केलेल्या कामावर सही कशी घ्यायची, हे शिकतं.

तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषानं बी.टेक.ला दर 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. कॉलेजच्या वेबसाइटवर शिक्षकांची यादी असते. ती छापून घ्या आणि त्यातले किती जण प्रत्यक्ष वर्गावर येतात ते तिथल्या मुलांना विचारा. यादी आणि वर्ग यांतली तफावत मोठी असेल तर निघा. खुशाल निघा. राहिलात तरी ते सर येणार नाहीत.

माणसं हे उत्तर असेल, म्हणजे रॅगिंग, छळ, जातीवरून टोमणे, तर मात्र थोडं थांबा. निर्णयासाठी नव्हे, तक्रारीसाठी. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकल्यावर पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळू नये, अशीही तरतूद आहे. म्हणजे कॉलेज कुणी सोडायचं, हे कायद्यानं ठरवलेलं आहे. छळणाऱ्यानं.

प्रत्यक्षात कोण सोडतं?

जो सोसतो तो. आई-बाप येतात, खोलीतलं सामान ट्रंकेत भरतात, रेक्टरच्या पाया पडून दाखला मागतात आणि मूल घेऊन जातात. छळणारे पुढच्या वर्षी नव्या पोरांच्या स्वागताला हजर. जायचं तर जा, मुलाचा जीव सगळ्यात मोठा. पण जाताना तक्रार करून जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक 1800-180-5522. तुमच्या मागे त्याच खोलीत दुसरं कुणाचं तरी मूल राहायला येणार आहे.

आणि यातलं काहीच नसेल? नुसतं करमत नसेल?

मग थांबा. पहिल्या सत्रात कुणाला करमतं? गाव सुटलेलं, इंग्रजी अंगावर आलेलं, वर्गात सगळे आपल्यापेक्षा हुशार वाटतात. ग्रामीण भागातून आलेल्या मराठी माध्यमाच्या मुलाला पहिले चार महिने आपण चुकून इथे आलो असंच वाटत राहतं. त्याला कॉलेज बदलून देऊ नका, ओळखीचा एखादा सीनियर गाठून द्या. एका सत्राचा निकाल हातात येऊ द्या. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं, आणि नाही भागलं तर निर्णयाला निदान पाया मिळतो.

पण ‘एकदा धरलं की सोडायचं नाही’ हे ब्रह्मवाक्य कृपा करून माळ्यावर टाका.

गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि 1884 मध्ये पदवीधर झाले ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून. वय 18. गांधीजींनी भावनगरच्या सामळदास कॉलेजात एक सत्र काढलं. शिकवलेलं डोक्यात शिरेना, तेव्हा ते घरी परतले आणि 1888 मध्ये थेट लंडनची बोट धरली. दोघांच्याही चिकाटीबद्दल कुणाला शंका आहे का? कॉलेज सोडणं आणि शिक्षण सोडणं या दोन गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिलीला नावं ठेवता ठेवता कित्येक मुलांकडून दुसरी करवून घेतली जाते.

बदलायचं ठरलं, तर मग लढाई कागदाची.

कॉलेजचं ऑफिस कधी नीट पाहिलंय? काचेला अर्धगोल भोक. मागे पंखा, फायली आणि एक खुर्ची, जिच्या पाठीवर नॅपकिन आहे पण जिच्यावर माणूस नाही. नो ड्यूजचा कागद हातात मिळतो. ग्रंथालयाची सही, प्रयोगशाळेची सही, वर्कशॉप, जिमखाना, वसतिगृह, एनसीसी. ज्या पोरानं जिमखान्याचं दार पाहिलेलं नाही त्यालाही जिमखान्याची सही लागते. जिमखान्याचे सर स्पर्धेला बाहेरगावी गेलेले असतात. ते येतात तेव्हा ग्रंथपाल रजेवर.

सगळ्या सह्या झाल्या की शेवटची खिडकी, दाखल्याची. ‘एलसी हवी? मग उरलेल्या वर्षांची फी भरा.’

कशाबद्दल? न घेतलेल्या तासांबद्दल, न वापरलेल्या बाकाबद्दल?

इथे वाचकांनी कान टवकारावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2018 मध्ये याच विषयावर सविस्तर अधिसूचना काढली आहे. फी फक्त चालू सत्राची किंवा वर्षाची आगाऊ घ्यायची. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला असली कागदपत्रं ठेवून घ्यायची नाहीत. विद्यार्थ्यासमोर तपासायची आणि लगेच परत द्यायची. कॉलेजकडे राहतील त्या झेरॉक्स प्रती. नियम मोडणाऱ्या संस्थेवर अनुदान रोखण्यापासून पुढची कारवाई करण्याची तरतूदही त्यातच आहे.

मग कॉलेजांच्या लोखंडी कपाटांत हजारो मूळ दाखले काय करतायत?

ते ओलीस आहेत. एवढा सरळ शब्द वापरायची वेळ आली आहे. जे कॉलेज चांगल्या शिकवण्यानं विद्यार्थी टिकवू शकत नाही, ते कपाटाच्या किल्लीनं टिकवतं. आणि पालक त्या खिडकीपुढे हात जोडून उभे राहतात, कारण नियम त्यांच्या बाजूचा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

फीचंही तसंच. त्याच अधिसूचनेत परताव्याचा तक्ता आहे. प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर होते, तिच्या 15 दिवस आधीपर्यंत प्रवेश रद्द केला तर 100 टक्के फी परत, प्रक्रिया खर्च म्हणून 5 टक्के आणि तोही 5000 रुपयांच्या आत कापून. त्यानंतर शेवटच्या तारखेआधीपर्यंत 90 टक्के. तारीख उलटून 15 दिवसांपर्यंत 80. त्यापुढे तिसाव्या दिवसापर्यंत 50. एकतिसाव्या दिवशी शून्य. अनामत रक्कम मात्र केव्हाही पूर्ण परत. लेखी अर्ज मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे.

2023-24 आणि 2024-25 या वर्षांसाठी आयोगानं आणखी सवलत दिली होती. 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत, 31 ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त 1000 रुपये कापून परत. दरवर्षीच्या तारखा वेगळ्या असू शकतात, म्हणून त्या वर्षीचं पत्रक बघायचं. पण मुद्दा ध्यानात आला ना? प्रवेश पहिल्याच वर्षी रद्द करायचा तर मुलाशी बोलायची वेळ गणपतीची. दिवाळीपर्यंत वाट पाहिली की तक्त्यातले टक्के घसरत जाऊन शून्यावर येतात.

‘लेखी अर्ज’ हे दोन शब्द अधोरेखित करा. ऑफिसात जाऊन तोंडी विनवणी केली तर तो अर्ज नव्हे. दोन प्रती काढायच्या, एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवायचा, वर ईमेल करायचा. 15 दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. शिक्का नसेल तर तुम्ही कधी आलात, हे ते ठरवतात.

तरीही दाद लागली नाही तर? 2023 च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी आणि विद्यापीठाला लोकपाल हवा. मूळ कागदपत्रं अडवणं, नियमाप्रमाणे फी परत न करणं, ही त्या नियमांत लिहिलेलीच तक्रार आहे. समितीत कोण आहे ते कॉलेजला विचारा. नुसतं विचारलं तरी कपाटं उघडल्याची उदाहरणं आहेत.

अखेर एलसी हातात येते. ती नीट वाचा.

नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अक्षरी. प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. आणि त्याखाली एक रकाना, ‘कॉलेज सोडण्याचे कारण’. त्यात काय लिहिलेलं असतं? ‘पालकांच्या विनंतीवरून.’ नाहीतर ‘पुढील शिक्षणासाठी.’ 

पोर का गेलं, हे विचारणारा आख्ख्या व्यवस्थेतला तो एकमेव रकाना. तो भरतो कारकून. मुलाला न विचारता.

शिक्षक नव्हते म्हणून गेलेला मुलगा ‘पालकांच्या विनंतीवरून’. छळ झाला म्हणून गेलेली मुलगी ‘पालकांच्या विनंतीवरून’. मेस परवडेना म्हणून गेलेला तोही तसाच. कॉलेजच्या दफ्तरी सगळे सुखानं गेले. मग सुधारणा कशाची करायची आणि कोणासाठी?

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या श्रेणीतून हे कळेल म्हणता? फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयनं चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या प्रकरणात नॅकच्या पाहणी समितीतल्या सदस्यांनाच अटक केली. कमानीवर रंगवलेल्या श्रेणीकडे तेवढ्याच विश्वासानं बघा. हमरस्त्यावरच्या फलकावर झळकणाऱ्या ‘सर्वोच्च पॅकेज’कडेही. एका मुलाला मिळालेला पगार बाकीच्यांच्या घरी येत नसतो.

त्यापेक्षा एक कागद शोधा. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी प्रत्येक संस्था तिथे दिलेली माहिती आपल्या वेबसाइटवर ठेवते. त्यात एका तक्त्यात ओळीनं आकडे असतात. पहिल्या वर्षाला किती जण आले. थेट दुसऱ्या वर्षाला किती आले. ठरलेल्या मुदतीत किती जण पदवीधर झाले. किती जणांना नोकरी लागली. आणि त्यांचा मध्यक पगार किती, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून कमी मिळतो तो आकडा.

पहिल्या दोन आकड्यांची बेरीज करा. त्यातून तिसरा वजा करा.

उरलेली मुलं कुठे गेली? काही नापास झाली, काहींचं वर्ष गेलं, काही सोडून गेली. ती बाकी लहान असेल तर कॉलेजला काहीतरी जमतंय. मोठी असेल तर प्राचार्यांना भेटा आणि तो कागद टेबलावर ठेवून विचारा. ज्या कॉलेजात शिरायचंय तिथे विचारा, ज्यातून निघायचंय तिथेही विचारा. ‘आमच्याकडे वातावरण फार छान आहे’ हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही.

आणि एक दिवस नव्या कॉलेजात जाऊन या. ओपन डे, फेस्ट, उद्घाटन असला दिवस नको. साधा मंगळवार घ्या. सकाळी साडेदहाला कॉरिडॉरमध्ये उभं राहा. वर्गात शिकवण्याचा आवाज येतो की कँटीनमधून गर्दीचा, एवढं ऐका. ग्रंथालयात बसायला जागा आहे का, प्रयोगशाळेचं दार उघडं आहे का, स्वच्छतागृहात पाणी आहे का, एवढं पाहा. दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना चहा पाजा आणि विचारा, ‘आज किती तास झाले?’ माहितीपुस्तिकेच्या साठ गुळगुळीत पानांपेक्षा ते उत्तर खरं असेल.

विद्यापीठांकडे मागणी एकच. सोडण्याच्या कारणाचा तो रकाना विद्यार्थ्याच्या हातात द्या. त्याला त्याच्या अक्षरात लिहू द्या, आणि कोणत्या कॉलेजातून किती मुलं कोणत्या कारणानं गेली, हे दरवर्षी प्रवेशाच्या आधी जाहीर करा. यासाठी नवी समिती नको, नवं पोर्टलही नको. दाखला देताना मुलाच्या हातात पेन द्यावं लागेल, इतकंच.

ते होईपर्यंत वजाबाकी तुम्ही करा. आकडे कॉलेजच्याच वेबसाइटवर आहेत.